प्रत आणि परत

भुसावळ म्हटले की बहुतेकांना जंक्शन आठवते, रात्री-अपरात्री बदललेली गाडी आठवते आणि केळी आठवतात. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मेजर रॉबर्ट गिल १८७९ साली वारला, आणि त्याला मूठमाती मिळाली ती भुसावळात. अजिंठ्याची चित्रे जगाला दिसावीत म्हणून ज्याने निम्मे आयुष्य घातले, तो माणूस आपल्या खानदेशच्या मातीत विसावला आहे.

गिलची कथा पुष्कळांना पारोमुळे माहीत असते. अजिंठा गावात १८५६ सालची पारोची समाधी आहे, आणि ना. धों. महानोरांनी 'अजिंठा' या दीर्घकाव्यातून ती कथा घरोघर नेली. मला मात्र आज त्याच्या कामाविषयी लिहायचे आहे. हा मद्रासच्या फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारने १८४४ साली त्याला नेमले. मोठमोठ्या कापडांवर तेलरंगात तो वर्षानुवर्षे त्या उतरवत राहिला. लेण्यांत ओल होती, वटवाघळे होती, मधमाश्या होत्या, आणि उजेड दिवसातून थोडाच वेळ आत यायचा. तयार झालेल्या नकला विलायतेला गेल्या, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या आगीत जळाल्या. चार-पाच तेवढ्या वाचल्या.

पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तेच काम केले. जवळजवळ तीनशे नकला झाल्या. त्याही विलायतेला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ च्या दुसऱ्या एका आगीत नष्ट झाल्या. एखाद्या कादंबरीत हे वाचले असते तर लेखकाने फारच जुळवून आणले असे आपण म्हटले असते.

शिल्लक काय राहिले? गिलने १८५६ च्या सुमारास चित्रकलेबरोबर छायाचित्रणही सुरू केले होते. काचेच्या पट्ट्यांवर, दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने, दुर्बिणीसारख्या चौकटीतून पाहिले की खोली दिसावी असे ते जोडफोटो असत. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह या फोटोंची दोन पुस्तके निघाली. एक लेण्यांचे आणि दुसरे पश्चिम भारतातल्या वास्तूंचे व निसर्गाचे. निसर्ग म्हणजे बराचसा शिकारीचा. त्या काळच्या काचेला उजेड टिपायला वेळ लागे आणि जिवंत जनावर काही तेवढा वेळ उभे राहणार नाही. म्हणून मेलेले. तरीही आपल्या भागातली लेणी आणि जंगल यांचे फोटो एकाच माणसाने काढून एकाच वर्षी पुस्तकांत छापले, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. कारण गेली पन्नास वर्षे मी माझ्या कुवतीने तोच उद्योग करत आलो आहे.

मी शिंदखेड्याचा. अमळनेरला बी. ए. झालो आणि मग हयातभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, पगारातून साठवून मी ॲग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बारा. आज नातवंडे एका वाढदिवसाला दोनशे फोटो काढतात, त्यांना ही शिस्त सांगून पटत नाही. रोल धुवायला धुळ्याला जावे लागे. त्यामुळे काय काढायचे हे घरूनच ठरवून निघायचे.

काय काढायचे याला आपल्याकडे तोटा नाही. आमच्या गावाजवळून वाहणाऱ्या बुराई नदीच्या वरच्या अंगाला, साक्री तालुक्यात, बळसाणे आहे. तिथली मध्ययुगीन देवळे हेन्री कझन्सने दख्खनच्या मंदिरांवरच्या आपल्या १९३१ च्या ग्रंथात घेतली आहेत. त्याच तालुक्यात भामेरचा किल्ला आणि त्याच्या डोंगरात खोदलेल्या गुहा. तापी ओलांडून शिरपूर तालुक्यात गेले की अनेर धरणाचे अभयारण्य. ते १९८६ साली जाहीर झाले, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे. आणि सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे चाळीसगावजवळची पाटणादेवी. ती गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. हे अभयारण्यही १९८६ चेच. देवीच्या देवळापासून जंगलातून चढून गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. जिल्हा बदलतो, तालुका कन्नड होतो, पण डोंगर तोच.

आता गुरुजींविषयी सांगतो.

आमचे गुरुजी दिवसा जिनिंगमध्ये हिशेब लिहीत आणि पहाटे व संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत गाणे शिकवत. मी बाराव्या वर्षी त्यांच्याकडे जायला लागलो. टोपीवर नेहमी कापसाची थोडीशी रुई असायची. ती झटकायची त्यांना आठवण नसे आणि ती झटकायला सांगायची आमची छाती नसे. फी ठरलेली नव्हती. कुणी पैसे देई, कुणी हंगामात भुईमुगाच्या शेंगा. पेटी जुनी होती, ती ते स्वतःच उघडून दुरुस्त करत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना ते मुलांना बसवत, पण परीक्षेचे त्यांना कौतुक नव्हते. पहिले सहा महिने फक्त 'सा'. मग भूप. वर्ष झाले तरी भूप. आम्ही कंटाळलेलो दिसलो की ते एकच शब्द म्हणत, "परत." रागावून नाही, प्रेमाने नाही, नुसते "परत." बरोबर आले तरी परत, चुकले तरी परत.

मी कॅमेरा घेतला तेव्हा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अहिराणीत विचारले, "हाऊ फोटू गाणं म्हनस का रे?" सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत. मला वाटते त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

१९७६ च्या हिवाळ्यात शाळेची सहल पाटणादेवीला गेली, तेव्हा मी त्यांना आग्रहाने बरोबर नेले. मुलांच्या प्रार्थनेला पेटी हवी हे निमित्त. पन्नाशी उलटलेले गुरुजी धोतर खोचून पितळखोऱ्यापर्यंत चढले. ही लेणी अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली, इसवी सनापूर्वीची. पैठणच्या गंधी मितदेवाने आणि मगिल नावाच्या राजवैद्याने दिलेल्या दानांची नोंद तिथल्या शिलालेखांत आहे. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली दगडमाती उपसली गेली, तेव्हा एक बुटका हसरा यक्ष मिळाला. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे, कण्हदास, धंद्याने सोनार. यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. मुलांना मी हे सगळे सांगत होतो. शिक्षक ना! गुरुजी ऐकत होते. कण्हदासाचे नाव ऐकल्यावर ते म्हणाले, "मास्तर, त्याचा गुरू कोण होता ते लिहिलंय का?" मी म्हटले, नाही. "लिहायला हवं होतं," एवढेच बोलले.

मग चैत्यात मुले शांत झाल्यावर त्यांनी 'सा' लावला. गाणे नाही, बंदिश नाही, एक 'सा'. श्वास संपेपर्यंत. त्या दगडात तो आवाज कसा राहिला हे मला लिहिता येत नाही, फोटोत तर मुळीच येत नाही. माझ्याकडे त्या दिवसाचे बारा फोटो आहेत. खांब आहेत, ओळीतले हत्ती आहेत, डबे उघडून बसलेली मुले आहेत. गुरुजी एका फोटोत आहेत, तेही अर्धे. पेटी उचलून नेणाऱ्या मुलाच्या मागे.

फोटोच्या बाबतीत मात्र त्यांची शिकवण मला रोज उपयोगी पडली. लेण्यात उजेड कमी असतो, शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते आणि हात हलला की सगळे फिसकटते. 'आ'कार धरताना श्वास कसा आवरायचा, कुठून धरायचा, हे गुरुजींनी पोटावर बोट ठेवून शिकवले होते. तोच श्वास मी कॅमेऱ्यामागे धरतो. तिवई आली तरी सवय गेली नाही. फ्लॅश मी वापरत नाही. रंगवलेल्या लेण्यांत तो वापरूही देत नाहीत आणि ते योग्यच आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रे आहे त्या मंद उजेडात, खूप वेळ शटर उघडे ठेवून टिपली, तेव्हा चित्रांचे खरे रंग किती खोल आहेत ते सर्वांना दिसले. म्हणजे इथेही गुरुजींचेच सूत्र. घाई करू नका, 'सा' स्थिर होऊ द्या.

पूर्वी तसे नव्हते. नकला करणाऱ्यांनी चित्र उठून दिसावे म्हणून भिंतीवर वार्निश लावले. ग्रिफिथ्सच्या काळात ते झाले. नंतर निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून आणलेल्या जाणकारांनी रंग टिकावेत म्हणून लाखेचा थर दिला. थर पुढे पिवळे-काळे पडले. सगळ्यांचा हेतू चांगला होता. पण प्रत काढण्याच्या नादात मूळ चित्राला धक्का लागू शकतो, हे अजिंठ्याने आपल्याला शिकवले. कॅमेऱ्याचा मोठा गुण हाच, की तो लांबून पाहतो.

चाळीसगावचा विषय निघाला आणि केकी मूस यांचे नाव घेतले नाही तर आपली मंडळी मला घरात घेणार नाहीत. मुंबईत १९१२ साली जन्मलेला हा कलावंत १९८९ पर्यंत चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात जवळजवळ स्वतःला कोंडून राहिला. पाटणादेवीचे जंगल इतके जवळ, पण ते तिकडे गेले नाहीत. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, दिव्यांचा उजेड पाडून, त्यांनी घरातच डोंगर उभे केले, झाडे उभी केली, बर्फसुद्धा पाडला आणि त्यांचे फोटो काढले. जगभरची बक्षिसे मिळवली. मी डोंगरावर जाऊन जे धरायला बघतो ते त्यांनी खोलीत बसून धरले. त्यांचे फोटो त्यांच्या घरात आजही जपलेले आहेत. पण तशी नजर त्या खोलीतून पुढे कोणाकडे गेली का? हा प्रश्न मला तिथे गेलो की सतावतो, आणि त्याचे उत्तर त्या फोटोंमध्ये नसते.

याच प्रश्नाचे एक उत्तर पाटणादेवीच्या देवळातल्या शिलालेखात आहे. माझ्या मते हा खानदेशातला सर्वांत सुंदर शिलालेख. अक्षरे सुंदर आहेत म्हणून म्हणत नाही. त्यात जे लिहिले आहे ते सुंदर आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, आणि त्याचा मुलगा चांगदेव. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाकडे मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला एक मठ काढला. आजच्या भाषेत शाळाच. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला १२०७ साली दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. शेवटचा भाग मात्र आपल्या जुन्या मराठीत आहे, कारण तिथे व्यवहार आला. बाजारातल्या कोणत्या मालावर मठासाठी काय घ्यायचे ते त्यात दिले आहे. गावात जेवढे तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल मठाला. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणून १८६५ साली प्रसिद्ध केला. म्हणजे गिलची पुस्तके निघाल्यानंतरच्याच वर्षी.

ते पळीभर तेल मी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवत असे. तेल कशाला? दिव्याला असणार. मुले अंधार पडल्यावरही घोकत बसत असतील. दगडावर नाव कोरून ठेवणे सोपे होते, आजोबांचा पुतळाही करता आला असता. नातवाने शाळा काढली, आणि गावाने तिला तेल पुरवले.

आज मठ नाही. त्याची भिंत कुठली हेही दाखवता येत नाही. शिलालेख मात्र उरला. पण विचार केला तर उरले ते शिलालेखापेक्षा मोठे आहे. 'लीलावती' देशभर गेली. हाताने नकलली गेली, तिच्यावर टीका लिहिल्या गेल्या, अकबराच्या दरबारात फैजीने १५८७ साली तिचे फारसीत भाषांतर केले. एक पोथी जळाली तर दुसरी होती, कारण ती शिकणारा आणि शिकवणारा दुसरा होता. गिलच्या चित्रांना हे भाग्य लाभले नाही. ती एका जागी टांगली गेली आणि एका रात्रीत संपली.

गाण्याकडे वळतो, कारण तिथे हे अधिक स्पष्ट दिसते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते. तोपर्यंत आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू होऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली होती, तरी त्यांनी आपले गाणे तबकडीवर दिले नाही. मग आपल्याला त्यांचे गाणे कसे कळते? केसरबाईंमुळे, मोगूबाईंमुळे. बखलेबुवांचे मास्तर कृष्णरावांमुळे आणि बालगंधर्वांमुळे. आणि बालगंधर्वांचे सुरुवातीचे धडे कुठे झाले? आपल्या जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे. या मेहबूबखाँचा आवाज कुणी ऐकलेला आज हयात असणे शक्य नाही. तरी बालगंधर्वांची तबकडी लागली की त्यात कुठेतरी जळगावची ती शिकवणी असणारच.

पंडित भातखंडे यांनी आणि विष्णु दिगंबर पलुस्करांनी बंदिशी लिहून काढल्या, हे फार मोठे काम झाले. ते नसते तर कितीतरी चिजा गेल्या असत्या. गुरुजींची बंदिशींची वही माझ्याकडे आहे. निळ्या शाईत, भातखंडे पद्धतीने लिहिलेली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, वरच्या सप्तकाला टिंब, मींडेला कमान. पण मींड घेताना गुरुजी मध्ये किती थांबत, ते कमानीत नाही. ते माझ्या गळ्यात आहे. माझ्याबरोबर शिकणारे आठ-दहा जण होते. त्यांतले बरेच गेले, दोघे दूर असतात आणि गाणे त्यांनी केव्हाच सोडले. गुरुजींना जाऊन सदतीस वर्षे झाली. एकदा कोणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता, तेव्हा ते म्हणाले, "मशीन लक्षात ठेवील म्हणून तुम्ही विसराल." आणि पेटी बंद केली. त्यामुळे आवाज नाही, अर्धा फोटो आहे, एक वही आहे आणि आता शहात्तराव्या वर्षी चिरकायला लागलेला माझा गळा आहे.

हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. हिशेब मांडतो आहे. गुरुजी हिशेबनीसच होते.

जंगलाचा हिशेबही असाच आहे. आपल्या खानदेशात अंजन हे झाड पूर्वीपासून प्रसिद्ध. पान दोन पाळ्यांचे, लाकूड लोखंडासारखे. नवी पालवी फुटते तेव्हा तांबूस असते आणि तिरप्या उन्हात अख्खी टेकडी तांब्याची दिसते. पाटणादेवीच्या परिसरातली एक उतरण मी १९७६ पासून जमेल तेव्हा त्याच जागेवरून टिपत आलो आहे. सुरुवातीचे फोटो काळे-पांढरे, त्यात तांबूस पालवी करड्या रंगाची दिसते. हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की कळते, मधल्या काही वर्षांत उतरण बरीच उघडी पडली होती, आणि अलीकडे तिथे पुन्हा लहान झाडे दिसू लागली आहेत. ही झाडे फोटोमुळे आली नाहीत. बी पडले, त्याला कुणी चरू दिले नाही, कुणी तोडले नाही, म्हणून आली. लेणे एकदा खोदले की दोन हजार वर्षे उभे राहते. जंगलाला मात्र दर पावसाळ्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गाण्यासारखेच. परत.

आणि जिथे परत होत नाही तिथे काय होते, तेही माझ्या फोटोंत आहे. बुराईचे जुने फोटो पाहा. पात्रात पांढरी रेती, त्यात झिरे खणून पाणी भरणाऱ्या बायका. आताच्या फोटोत त्याच जागी खडक आणि वेडी बाभूळ. नदीची प्रत माझ्या कपाटात आहे, पण कपाटातली प्रत पाहून नदीत रेती येत नाही. मग फोटो काढायचे कशाला? माझे उत्तर असे आहे. रेती होती हे ज्यांनी पाहिलेच नाही, त्यांना ती परत यावी असे वाटणार तरी कसे? फोटोचे काम तेवढेच, पण तेवढे तरी आहेच.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीची मुलगी दिवाळीत आली होती. घरातल्यांना ती कोण ते लगेच कळेल. तिने ती वही पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही गा, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते." मी म्हटले, कर. गुरुजींचा नियम मी इथे मोडला, आणि विचार करून मोडला. त्यांच्याकडे आम्ही दहा जण होतो, म्हणून त्यांना मशीनवर रागावणे परवडत होते. मी भूपातली बंदिश म्हटली. ती म्हणाली, छान आले. मी म्हटले, आता मोबाईल बाजूला ठेव आणि तू म्हण.

ती लाजली, मग म्हणाली. तिसऱ्या ओळीत, मींडेच्या जागी, ती गुरुजी थांबत तिथे थांबली नाही. मी काही बोललो नाही. परत म्हण म्हटले. पाचव्या-सहाव्या वेळी ती थांबली. नेमकी तिथे नाही, जराशी पुढे. पण थांबली. आता दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर आमचा अर्धा तास असतो. मध्ये आवाज तुटतो, चित्र गोठते. चित्र गोठले तरी चालते, आवाज तुटला की परत.

ती गाईल तेव्हा ते गुरुजींसारखे असेल का? नसेल. ग्रिफिथ्सच्या चित्रकारांची बोधिसत्त्वाची नक्कल भिंतीवरच्या चित्रासारखी हुबेहूब कुठे होती? कृष्णरावांचे गाणे तरी बखलेबुवांसारखे तंतोतंत कुठे असेल? पण कापडावरची नक्कल स्वतःहून पुढची नक्कल काढत नाही. ही मुलगी उद्या कोणाला तरी शिकवू शकते. पितळखोऱ्याच्या त्या सोनाराने आपले नाव कोरले, गुरूचे नाही. गुरुजींना ते खटकले होते. मला वाटते कण्हदासाच्या गुरूचे नाव त्या यक्षाच्या हसण्यातच असावे. ते वाचणारे कोणी शिल्लक नाही, एवढेच.

आता वाचकांना, विशेषतः घरच्यांना, दोन विनंत्या. तुमच्याकडे बळसाणे, भामेर, पाटणादेवी किंवा आपल्या नदीचे जुने फोटो असतील तर त्यांच्या मागे पेन्सिलीने साल, गाव आणि माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून ठेवा. शाई नको, ती पुढे उमटते. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत अनोळखी होतो. आणि घरात कोणी म्हातारी जात्यावरची ओवी किंवा कानबाईचे गाणे अहिराणीत म्हणत असेल तर मोबाईल जरूर लावा, पण तो बंद केल्यावर तिच्या शेजारी बसून तेच गाणे एकदा स्वतः म्हणा.

असो. गुडघे आता पितळखोऱ्याला नाही म्हणतात, पण बळसाण्याला गाडी थेट जाते. पावसाळा संपला, ऊन तिरपे झाले की देवळांचे फोटो काढायला जाणार आहे. कोणी बरोबर येणार असेल तर कळवा. दशम्या आणि ठेचा माझ्याकडून.